दोनदा ओढलेली बाही

३ फेब्रुवारी

वन्सं,

इतकी वर्षं तुम्हाला ताई म्हणत आले. ताई हे मायेचं नाव आहे, म्हणून आजपासून ते बंद. नात्याने तुम्ही माझ्या नणंद आहात, तेवढंच ठेवू. वर नमस्कारही लिहिलेला नाही. विसरले नाही, लिहिला नाही.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. बोलताना माझे शब्द अजून अडकतात, आणि अडकले की तुम्ही माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकता, तेही चुकीचं. कागद जांभई देत नाही आणि घाईही करत नाही. अक्षर डाव्या हाताचं आहे. लागलं नाही तर दोनदा वाचा, मलाही लिहायला वेळ लागलाच आहे.

भिंगरीबद्दल लिहायचं आहे. मागच्या आठवड्यात शाळेत तिला ‘माझी आई’ या विषयावर बोलायला सांगितलं. आपली पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझ्या आईने माझ्यासाठी तिचा उजवा हात दिला.’ बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. टाळ्या झाल्या. तेव्हापासून भिंगरी उजवा हात फ्रॉकच्या खिशात घालून जेवते. डाव्या हाताने भात सांडते, दप्तर ओढते, वेणीची रिबीन दातांनी धरते. मी रागावले तर म्हणाली, ‘तू माझ्यासाठी दिलास ना, मग मी पण नाही वापरणार.’

सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे कोणी ठेवलं? तुम्ही. दर वाढदिवसाला तिला मांडीवर घेऊन तुम्ही तीच गोष्ट सांगता. आईला मोठा आजार झाला, डॉक्टर म्हणाले औषध देतो, पण आईने मानेने नको म्हटलं, कारण पोटात तू होतीस. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात, तुमचा भाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवतो, आणि मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसते. सुरुवातीला वाचाच नव्हती. नंतर आली, तोवर गोष्ट घरभर पक्की झाली होती.

मी नको म्हटलं नव्हतं, वन्सं. तुम्हाला ते माहीत आहे. नसलेला त्याग माझ्या गळ्यात बांधलात, आणि आता त्याचं ओझं माझी पोरगी वाहते आहे.

पुढच्या महिन्यात तुम्ही इथल्या तुमच्या जुन्या हॉस्पिटलात भाषण द्यायला येताय. गरोदर बाईला पक्षाघात झाला तर काय करावं, असा विषय. आमंत्रण मलाही आलंय. भाषणाच्या शेवटी ‘बाळासाठी हात देणाऱ्या मातेचा’ सत्कार आहे. त्याच्या आधी घरी या, भिंगरीला समोर बसवा आणि तिला खरं सांगा. नाही सांगितलंत तर मी सत्काराला येईन आणि मंचावरून सांगेन. शब्द अडकतील, फार वेळ लागेल. पण हातात फुलं दिलेल्या बाईला कोणी मंचावरून खाली ढकलत नाही.

तुमच्या भावाची बायको


११ फेब्रुवारी

वन्सं,

मला उत्तर लिहायचं सोडून तुम्ही भावाला फोन केलात. त्याने निरोप दिला: ताई म्हणते, त्या दिवशी हिला शुद्ध नव्हती, हिला आठवतंय ते सगळं नंतर ऐकून ऐकून तयार झालंय. निरोप देताना तो माझ्याकडे बघत नव्हता. बहिणीचं बोलणं त्यालाही पटलं नसावं.

मग ऐका, मला काय आठवतं.

सातवा महिना होता. आमच्या शिलाईच्या कारखान्यात कोटांचं काम आलं होतं आणि मी कटिंगच्या टेबलाशी उभी होते. निळ्या लोकरी कापडावर खडूची रेघ स्पष्ट दिसत होती, आणि माझी कात्री रेघ सोडून चालली. मला दिसत होतं, पण थांबवता येईना. मग कात्रीच हातातून पडली. कापड वाया गेलं म्हणून मालकीणबाई तावातावाने आल्या आणि माझं तोंड बघून गप्प झाल्या. अर्धं तोंड खाली ओघळलं होतं. मला काहीतरी होतंय, असं मी म्हणाले. निदान मला तसं वाटलं. बाहेर नुसता आवाज आला.

शहाण्या माणसांनी तिथूनच गाडी बोलावली असती. पण तुमच्या घरात ताप मोजायच्या आधी ताईला फोन होतो. शिंक आली तरी ताई, पोराचं नाव ठेवायचं तरी ताई. तुमचा भाऊ मशीनवरून उठला तो आधी फोनपाशी गेला. तुम्ही ओपीडीत होतात. म्हणालात, उकाड्याने चक्कर आली असेल, डाव्या कुशीवर झोपव, साखरपाणी पाज. मला कापलेल्या कापडांच्या ढिगावर झोपवलं. साखरपाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं आणि ब्लाउज चिकट झाला. शेवटी मालकीणबाईंनीच कोणाला न विचारता गाडी आणवली. त्या बाईशी माझं एक दिवस पटलं नाही, पण हे खरं.

तुमच्याच हॉस्पिटलात आणलं. पोटावर शिशाचं जड झबलं घालून डोक्याचा फोटो काढला. मेंदूचे डॉक्टर तेव्हा पोरगेले होते, दाढीसुद्धा धड नव्हती. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि सगळं सांगितलं, मला ऐकू जाईल असं, माझ्याकडे बघून. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं औषध आहे, पण लवकर द्यावं लागतं. वेळ गेली की उपयोग नाही. गरोदर बाईलाही देता येतं, ते बाळापर्यंत पोचत नाही. रक्तस्रावाची भीती आहे, नाही असं नाही, पण सगळे मिळून लक्ष ठेवू. न दिलं तर हात आणि वाचा दोन्हींचं कठीण आहे.

तुम्ही म्हणालात, ‘ही माझी पेशंट आहे. वार सुटली तर बाळ हातचं जाईल, आणि उत्तर मला द्यावं लागेल.’

ते म्हणाले, ‘बाईंना कळतंय सगळं. त्यांनाच विचारू.’ आणि खरंच माझ्याजवळ वाकून त्यांनी विचारलं, औषध देऊ का?

मान माझ्या हुकमात नव्हती. हो म्हणायला गेले तर कुठल्या बाजूला हलेल याचा भरवसा नव्हता. मग मला आमच्या टेबलाची खूण सुचली. आमच्या कामात दातांत टाचण्या धरलेल्या असतात. मापाचा कागद कापडावर टाचायचा, समोरचा कात्री घेऊन तयार, आणि तोंड तर उघडता येत नाही. म्हणून बाही ओढायची. एकदा ओढली की थांब. दोनदा ओढली की काप. कारखान्यात नवा आलेला माणूस आधी हे शिकतो, मग सुईत दोरा ओवायला. मी डाव्या हाताने डॉक्टरांची बाही धरली आणि दोनदा ओढली. परत दोनदा. जेवढा जोर होता तेवढ्या जोराने.

‘हो म्हणतायत वाटतं,’ डॉक्टर म्हणाले.

तुम्ही पाठ फिरवून तुमच्या भावाशी काहीतरी बोललात. तो पलंगाच्या पायथ्याशी होता. माझा हात त्याला दिसला नसणार, मधे तुम्ही उभ्या होतात. मग वळलात आणि म्हणालात, ‘ती नको म्हणतेय. बाळासाठी नको म्हणतेय.’ आणि माझी बोटं त्या बाहीवरून एकेक करून सोडवलीत. करंगळी आधी. तुमच्या हाताला साबणाचा वास होता.

मुकी बिचारी कुणी हाका, तशी गत. डॉक्टर पुन्हा वाद घालायला आले. पण नवऱ्याची परवानगी नव्हती, आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नकार सांगितला होता. औषधाची वेळ माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी जागी होते, वन्सं. सबंध वेळ जागी होते.

आता म्हणा शुद्ध नव्हती म्हणून.


२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं. चारच ओळी. मला शिंप्यांच्या खुणा कशा कळणार, असं लिहिलंयत. मी विचारलं होतं, असं लिहिलंयत. ज्याला विचारलं त्याला विचार, असंही.

वाचून पहिल्यांदा हसू आलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं. स्वतःचं अंगाशी आलं तर ज्याने जन्मभर ताई ताई केलं त्या सख्ख्या भावावर ढकलताय. पत्र फाडून टाकलं, आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागेना. त्याला विचारायची हिंमत झाली नाही. शब्द अडकतात हे निमित्त. खरं म्हणजे उत्तराची भीती वाटली.

काल कारखान्यात आम्ही दोघंच टेबलाशी होतो. मालकीणबाईंनी मला डावखुऱ्यांची कात्री आणून दिल्यापासून मी साधं काम कापते, पण जाड थर असला की तो कापतो आणि मी टाचते. आजारानंतर मी तोंडात टाचण्या धरलेल्या नाहीत. उजवा ओठ सैल आहे, पडतात. त्यामुळे आमच्यात ती खूण इतकी वर्षं झालेलीच नाही. काल मी चार टाचण्या डाव्या बाजूच्या दातांत घट्ट धरल्या. तो कात्री घेऊन समोर उभा होता, लक्ष खिडकीबाहेर. मी त्याची बाही दोनदा ओढली.

त्याने कापलं. माझ्याकडे न बघता, न विचारता, सरळ रेघेवर कात्री चालवली. वीतभर कापून झालं आणि मग त्याचा हात थांबला. वर बघितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग मी तुम्हाला लिहून सांगणार नाही, तुमचा भाऊ आहे, तुम्हाला माहीत असेल.

मी टाचण्या एकेक करून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. तो खाली बसला. म्हणाला, ‘मला कळलं होतं. त्या दिवशी पण कळलं होतं.’

तो बोलत राहिला. ताईने सांगितलं बाळ जाईल. मला तूही हवी होतीस आणि बाळही. ताईने विचारलं ही दोनदा बाही का ओढतेय, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नको म्हणतेय. मग ते परत घेता येईना. तू बोलायला लागलीस तेव्हा वाटलं तू सांगशील. तू सांगितलं नाहीस तेव्हा वाटलं, तुला आठवत नसेल, देवाने सोडवलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. एवढी वर्षं मी तुमच्या नावाने बोटं मोडली, आणि ज्याने केलं तो माझ्या ताटात मासा निवडून देत होता, माझ्या साडीच्या निऱ्या घालून देत होता. पाठीवरून फिरणारा तो हात कौतुकाचा नव्हता. आता कळतंय कसला होता.

तुम्हाला हायसं वाटलं असेल. वाटू देऊ नका. माझे डोळे उघडे होते. मी तुमच्यापासून हातभर लांब होते. तुम्ही डॉक्टर आहात, ते पोरगेले डॉक्टर वाकून विचारू शकले, तुम्ही नाही. तुम्ही पाठ फिरवलीत आणि माझ्याबद्दल त्याला विचारलंत. तो खोटं बोलला, कारण तुम्हाला तेच ऐकायचं होतं आणि त्याला ते माहीत होतं. लहानपणापासून त्याने दुसरं काय केलंय?

म्हणजे आता दोघं आहात. माझ्याकडे राग पुष्कळ आहे, दोघांना पुरेल.


२ मार्च

वन्सं,

भिंगरीला काल सांगितलं. त्यानेच सांगितलं, मी समोर बसून राहिले. त्याला मधे उठू देत नव्हते.

तो म्हणाला, आईने हात दिला नव्हता, आईला औषध हवं होतं, मी नको म्हटलं. भिंगरीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ज्याची मला धास्ती होती तेच विचारलं. ‘म्हणजे तुला मी नको होते?’

याच भीतीने मी कित्येकदा गप्प बसले होते. तुम्ही दोघांनी ती गोष्ट इतकी गोड करून ठेवली होती की खरं सांगणारी आई वाईट ठरावी. माझा शब्द अडकला. तो मधे बोलायला गेला, त्याला मी हाताने थांबवलं. भिंगरी थांबली. ती थांबते, तुमच्यासारखी नाही. मी म्हणाले, ‘तू हवी होतीस. हात पण हवा होता. दोन्ही.’

तिने विचार केला. म्हणाली, दोन्ही मागायला काय हरकत होती. मग बापाशी बोलणं बंद केलं आणि खेळायला गेली. आज तो तिचे बूट पुसत होता, तिने पाय काढून घेतला. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही लिहिते, नाहीतर म्हणाल हिने लपवलं. मी त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते आता विभागाचे प्रमुख आहेत. त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, औषध दिलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. पुष्कळांना फायदा होतो, काहींना होत नाही, एखादीला रक्तस्राव होतो. हात आलाच असता असं मी म्हणणार नाही. प्रामाणिक माणूस आहे. तेव्हा हाताचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही. हात गेला असता तर गेला असता, माझ्या होकाराने गेला असता. माझा होकार तुम्ही घेऊन गेलात, भांडण त्याचं आहे.

भाषणाचा दिवस जवळ आला. तुम्ही निरोप पाठवलायत की सत्कार रद्द करायला सांगते, तू येऊ नकोस, तुला गर्दीत त्रास होईल. माझ्या त्रासाची काळजी तुम्हाला नेमकी नको तेव्हा वाटते. सत्कार रद्द करा, मला फुलं नकोतच. मंचावर येणार नाही. पण भिंगरीला घेऊन पहिल्या रांगेत बसेन आणि तुमच्या भावाला शेजारी बसवेन. आमंत्रणात लिहिल्याप्रमाणे माझा फोटो पडद्यावर आला की तुम्ही दोघांपैकी कोणी बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कोणीच बोललं नाही तर मी उठेन. आणि तेव्हा माझी वाक्यं कोणी पुरी करायची नाहीत.


१८ मार्च

वन्सं,

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

तुम्ही छान बोलत होतात. गरोदर बाईचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं बिघडलं, तर चक्कर समजू नका, झोपवू नका, साखरपाणी पाजू नका, ताबडतोब न्या, हे सगळं तुम्ही सांगितलंत. पुढे बसलेल्या शिकाऊ नर्सेस भराभर लिहून घेत होत्या. मी म्हटलं, शिकल्या म्हणायच्या. मग पडद्यावर माझा फोटो आला, भिंगरीला मांडीवर घेतलेला, आणि तुमचा आवाज बसला. तुम्ही पाण्याचा ग्लास उचललात, परत ठेवलात. भावाकडे बघितलंत.

मी त्याची बाही ओढली नाही. त्याला हातही लावला नाही. तो आपणहून उठला आणि म्हणाला, ‘ती हो म्हणत होती. मी खोटं सांगितलं.’ इतक्या हळू म्हणाला की मागच्यांनी, काय, काय, असं विचारलं, आणि त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. ते मला सगळ्यात आवडलं.

सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही माईक दोन्ही हातांनी धरलात. मग म्हणालात, ‘आणि मी तिला विचारलंच नाही. ती समोर होती, जागी होती, मी दुसऱ्याला विचारलं.’ त्यानंतर पडद्यावर पुढचा फोटो लागेना, यंत्रावरच्या पोराला तुम्ही नुसती मान हलवलीत आणि खाली आलात. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. प्रमुख डॉक्टर उठून बाहेर गेले. का गेले मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

तुमच्या नोकरीवर काही येईल का, चौकशी होईल का, ते हॉस्पिटलवाले बघतील. तुमचा भाऊ सध्या कारखान्याच्या माळ्यावर झोपतो. भिंगरी त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागली आहे, तो तिचा प्रश्न. मी अजून ठरवलेलं नाही आणि मला कोणी घाई करत नाही. करून बघावी.

नंतर तुम्ही मला जिन्यापाशी गाठलंत. डोळे सुजले होते, हातातली पर्स उगाच उघडत मिटत होतात. मला वाटलं, नेहमीसारखं माझ्या वतीने काहीतरी बोलून टाकाल, ही मला समजून घेईल, ही मनाने मोठी आहे, असं काहीतरी. तसं बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘मला माफ करशील का?’ आणि थांबलात. खरंच थांबलात. लोक जिना उतरत आपल्या मधून जात होते, तुम्ही त्यांना वाट दिलीत आणि पुन्हा तिथेच उभ्या राहिलात.

तेव्हा माझा शब्द अडकला. तुम्हाला वाटलं असेल मला रडू येतंय. रडू नव्हतं, शब्दच येत नव्हता, आणि भिंगरी घरी चल म्हणून ओढत होती, म्हणून तशीच गेले. घरी येऊन तीन दिवस मी त्यावर विचार केला. त्या दिवसापासून आजपर्यंत तुम्ही मला, माझ्याबद्दल, मला स्वतःला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला कळू नये.

नाही.